क्लीव्हलँड ब्राउन्सचे स्थलांतर

क्लीव्हलँड ब्राउन्स हा अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) व्यावसायिक संघ. १९९६ साली मालक आर्ट मॉडेल यांनी तो ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरातून उचलून मेरीलँडमधील बाल्टिमोरला नेला. फुटबॉल म्हणजे येथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.

संघ खासगी मालकीचा आणि स्टेडियम बहुधा जनतेच्या पैशातले, ही तिथली रीत. टीव्ही हक्कांचे पैसे सर्व संघांत समान वाटले जातात. पण श्रीमंत प्रेक्षकांसाठीच्या आलिशान बॉक्सचे, म्हणजे खासगी कक्षांचे, उत्पन्न वाटावे लागत नाही. म्हणून प्रत्येक मालकाला अशा बॉक्सचे नवे स्टेडियम हवे असते. शिवाय लीग संघांची संख्या वाढू देत नाही. १९९५ मध्ये ती ३० होती. संघ नसलेले एखादे मोठे शहर त्यामुळे कायम वाट पाहत असते आणि मालकाने त्याचे नाव नुसते घेतले तरी महापौर हवालदिल होतात. वाटाघाटी बरोबरीच्या होत नाहीत त्या यामुळेच.

मॉडेल यांनी १९६१ मध्ये ब्राउन्स विकत घेतला. १९७० च्या दशकात त्यांनी शहराचे जुने म्युनिसिपल स्टेडियम भाड्याने घेतले आणि तेथे खेळणारा इंडियन्स हा बेसबॉल संघ त्यांचा पोटभाडेकरू झाला. पुढे १९९० मध्ये मतदारांनी दारू व सिगारेटवर कर मंजूर केला. त्याच्या आधाराने बेसबॉलचे मैदान आणि बास्केटबॉलसाठी बंदिस्त क्रीडागृह बांधण्यात आले. मॉडेल त्या प्रकल्पात सामील झाले नव्हते. १९९४ मध्ये इंडियन्स नव्या मैदानावर गेला आणि मॉडेल यांचे भाडे बुडाले.

बाल्टिमोरची जखम वेगळी होती. मार्च १९८४ मध्ये तिथला कोल्ट्स संघ एका रात्रीत ट्रकांवर सामान लादून इंडियानापोलिसला निघून गेला होता. संघ सक्तीने ताब्यात घेण्याचा कायदा मेरीलँडचे विधिमंडळ करू पाहत होते, त्याआधीच मालकाने डाव साधला. अकरा वर्षांनी याच शहराने दुसऱ्या शहराचा संघ नेला, ही या प्रकरणातील सर्वांत क्लेशकारक बाब होय. मेरीलँडने लॉटरीच्या उत्पन्नाच्या बळावर बिनभाड्याचे नवे स्टेडियम देऊ केले. २७ ऑक्टोबर १९९५ ला गुप्तपणे करार झाला आणि ६ नोव्हेंबरला तो जाहीर करण्यात आला. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी दारू व सिगारेटवरील तो कर वाढीव मुदतीसह मोठ्या बहुमताने मंजूर केला. पैसे द्यायला लोक तयार होते; मालक आधीच गेला होता.

१७ डिसेंबरला घरच्या मैदानावरील शेवटचा सामना ब्राउन्सने सिनसिनाटीविरुद्ध जिंकला. प्रेक्षकांनी आसने उखडून मैदानात फेकली. महापौर मायकेल व्हाइट यांच्या प्रशासनाने मॉडेल आणि ब्राउन्सला न्यायालयात खेचले. फेब्रुवारी १९९६ च्या तडजोडीनुसार ब्राउन्स हे नाव, रंग आणि सारा इतिहास क्लीव्हलँडकडे राहिला, तर बाल्टिमोरला गेलेला संघ ‘रेव्हन्स’ या नावाने नवा मानला गेला. संघाचा वारसा मालकाचा नसून गावाचा असतो, याला मिळालेली ही दुर्मीळ मान्यता होय. मात्र १९९९ मध्ये ब्राउन्स परतला तो सार्वजनिक पैशातून बांधलेल्या नव्या स्टेडियमच्या मोबदल्यातच.

ओहायोने १९९६ मध्ये कायदाही केला: करदात्यांच्या पैशाचा आधार घेतलेल्या संघाने शहर सोडण्यापूर्वी सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. ‘मॉडेल कायदा’ म्हणून तो ओळखला जातो. २०१८ मध्ये कोलंबस क्रू हा सॉकर संघ टेक्सासला नेण्याच्या बेताविरुद्ध त्याचा आधार घेण्यात आला. अखेर तो संघ स्थानिक भागीदार आणि ब्राउन्सचे मालक हॅस्लम कुटुंब यांनी घेऊन कोलंबसमध्येच ठेवला.

त्याच हॅस्लम कुटुंबाने पुढे ब्राउन्सला ब्रुक पार्क या उपनगरात नेण्याचे ठरवले, तेव्हा क्लीव्हलँडने हाच कायदा पुढे केला. २०२५ मध्ये राज्याने कायदा बदलून तो ओहायोबाहेर जाणाऱ्या संघांपुरता मर्यादित केला आणि दावा न केलेल्या ठेवींच्या निधीतून ६० कोटी डॉलर नव्या स्टेडियमसाठी मंजूर केले.