आयपी अ‍ॅड्रेस नेमका लिहितात कुठे?

मोबाइल वायफायला जोडला की दोन-तीन सेकंदांत त्याला आयपी अ‍ॅड्रेस मिळतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. राऊटर देतो, त्याला डीएचसीपी म्हणतात, इथपर्यंत ठीक. पण राऊटरने फक्त सांगितलं की तू १९२.१६८.१.५०, आणि ते ऐकलं फोनमधल्या एका साध्या प्रोग्रामने, मग त्याने तो आकडा ठेवला कुठे? वायफायच्या चिपमध्ये म्हणाल तर तिथे कारखान्यातून आलेला ४८ बिटांचा मॅक अ‍ॅड्रेस असतो, आयपी साधारणपणे तिच्या गावीही नसतो. आयपी अ‍ॅड्रेस राहतो कर्नलच्या मेमरीत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आणि तिथे हात घालायची मुभा कुठल्याच साध्या प्रोग्रामला नाही. कर्नलला विनंती करावी लागते, ती ठरलेल्या नमुन्यातच करावी लागते, आणि कुठली विनंती आधी नि कुठली नंतर यालाही फार महत्त्व आहे. हे शेवटचं मला चाकणजवळच्या एका कारखान्यात उभं राहून कळलं.

आम्ही एक छोटा डबा बनवला होता, आत लिनक्सचा बोर्ड, काम एवढंच की मशिनची रीडिंग्ज घ्यायची आणि सर्व्हरला पाठवायची. नेटवर्क सेट करायचा कोड मी सी मध्ये लिहिला होता, थेट सिस्टिम कॉल (कर्नलला करायच्या विनंत्या) वापरून, कारण बोर्डात जागा कमी होती. आमच्या ऑफिसच्या टेबलावर डबा तीन आठवडे न अडखळता चालला. कारखान्यात नेला तर तिथे अ‍ॅड्रेस मिळाला १०.२०.३०.४०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (बाहेरच्या नेटवर्कला जायचं दार) १०.२०.३०.१ आणि सर्व्हर होता १०.२०.५.१० वर. मास्क म्हणजे काय ते पुढे येईलच. शेडमधल्या बाकीच्या मशिन पिंग होत होत्या, म्हणजे हाकेला उत्तर देत होत्या, गेटवे पिंग होत होता, सर्व्हर मात्र काही केल्या नाही. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, मग सगळा संशय फायरवॉलवर. तिथला नेटवर्क बघणारा माणूस शांतपणे सांगत होता की साहेब, फायरवॉल उघडी आहे, आणि तो अगदी बरोबर होता.

जेवणानंतर टीसीपीडम्प लावला, म्हणजे तारेवरून काय जातंय ते बघायचा प्रोग्राम. स्क्रीनवर दर सेकंदाला एकच ओळ पडत होती, आमचा डबा विचारत होता की १०.२०.५.१० कोणाकडे आहे, १०.२०.३०.४० ला सांगा. उत्तर शून्य. आणि ती ओळ बघूनच अंगावर काटा आला, कारण हा प्रश्न पडायलाच नको होता.

का नको, ते मास्कमुळे. मास्क कर्नलला सांगतो की शेजारी कोण आणि परगावचा कोण. २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जुळले की शेजारी, त्याला थेट हाक मारायची (ही हाक म्हणजेच तो आर्पचा प्रश्न), नाहीतर पाकीट गेटवेकडे द्यायचं, तो पुढचं बघेल. १०.२०.५.१० हा तिसऱ्या आकड्यात वेगळा आहे, म्हणजे परगावचा, त्याला घरातून हाक मारून ऐकू जाणार कसं? पण डबा हाक मारत होता, म्हणजे त्याच्या डोक्यात मास्क वेगळा होता. बघितलं तर खरंच २५५.०.०.० होता. दहाने सुरू होणारं सगळं जग त्याला शेजारीच वाटत होतं.

मी तर २५५.२५५.२५५.० लिहिला होता! कोड पुन्हा पुन्हा वाचला, ओळ तिथेच होती.

आता ही ओळ कर्नलपर्यंत जाते कशी ते बघू. युनिक्समध्ये बहुतेक गोष्टी फाइलसारख्या, वाचा आणि लिहा, पण यंत्राला काही वेगळं सांगायचं असेल, स्पीड बदल, चालू हो, बंद हो, तर ते वाचण्या-लिहिण्यात बसत नाही. त्यासाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आयऑक्टल नावाचा कॉल आला. पुढे १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतून ४.२ बीएसडी बाहेर पडलं, त्यात सॉकेट होते, म्हणजे प्रोग्रामने नेटवर्कशी बोलायची जोडणी, आयएफकॉन्फिग ही कमांड होती, आणि नेटवर्क कार्डाला अ‍ॅड्रेस देण्यासाठी त्यांनी हाच आयऑक्टल वापरला. लिनक्सने तीच पद्धत उचलली आणि ती आजही चालते.

पद्धत सरकारी खिडकीसारखी आहे. आधी एक सॉकेट उघडायचा, त्यावरून एक बाइटही पाठवायचा नसतो, तो नुसता खिडकीशी उभं राहण्यापुरता. मग एक छापील अर्ज भरायचा, ६४ बिटांच्या लिनक्सवर तो बरोबर ४० बाइटचा असतो. पहिल्या १६ बाइटांत इंटरफेसचं, म्हणजे नेटवर्क कार्डाचं नाव, इथ-झिरो किंवा जे असेल ते, आणि शेवटी एक शून्य हवंच म्हणून नाव जास्तीत जास्त १५ अक्षरी. लिनक्सवर इंटरफेसला लांबलचक नाव देता येत नाही त्याचं कारण हे. उरलेले २४ बाइट म्हणजे एकच कोरी चौकट, तिच्यात कधी अ‍ॅड्रेस भरायचा, कधी मास्क, कधी मॅक, कधी एमटीयू (एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार). आमच्या डब्याचा अर्ज मी तेव्हा बाइट-बाइट छापून बघितला होता, नावानंतर २, ०, ०, ० आणि मग १०, २०, ३०, ४०. पहिले दोन बाइट, २ आणि ०, मिळून आकडा दोन, म्हणजे आयपीव्ही४, पुढचे दोन शून्य पोर्टच्या जागेचे, इथे पोर्ट लागत नाही म्हणून रिकामे, आणि मग अ‍ॅड्रेस जसा आपण वाचतो तसाच डावीकडून उजवीकडे.

चौकटीत काय भरलंय हे कर्नलला अर्ज बघून कळत नाही, ते कळतं सोबत दिलेल्या नंबरवरून. लिनक्सवर ३५०९४ दिला तर तो अ‍ॅड्रेस, ३५१०० दिला तर तोच आकडा मास्क समजला जातो, ३५०९२ म्हणजे इंटरफेस चालू-बंद करायचे फ्लॅग. म्हणजे अ‍ॅड्रेस, मास्क आणि चालू करणं हे तीन वेगळे अर्ज, तीन वेगळे कॉल, आणि मधल्या वेळात इंटरफेस अर्धवट अवस्थेत. यासाठी प्रोग्रामकडे नेट-अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो, नसेल तर कर्नल सरळ परत पाठवतो, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कुठलंही अ‍ॅप तुमच्या फोनचा अ‍ॅड्रेस बदलून बसेल.

फ्लॅगबद्दल एक सांगायलाच हवं. चालू करायचं म्हणून थेट १ लिहू नका, आधी आहेत ते फ्लॅग वाचा, त्यात चालूचा बिट मिसळा, मग परत लिहा, नाहीतर बाकीचे बिट पुसले जातात. आणि इंटरफेस बंद करून पुन्हा चालू केला तर लिनक्स आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस जपतो पण डिफॉल्ट गेटवेचा रूट (परगावची पाकिटं कोणाकडे द्यायची ती नोंद) टाकून देतो, तो परत घालायची जबाबदारी तुमची. "अ‍ॅड्रेस दिसतोय पण नेट चालत नाही" अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो.

तर आमचा मास्क गेला कुठे? मी अर्ज उलट्या क्रमाने दिले होते, आधी मास्क, मग अ‍ॅड्रेस. बोर्ड सुरू होतानाच एक तात्पुरता अ‍ॅड्रेस इंटरफेसवर बसलेला होता, म्हणून मास्कचा कॉल बिनतक्रार पास झाला. अ‍ॅड्रेस नसताच तर कर्नलने मास्कला नकार दिला असता आणि चूक टेबलावरच सापडली असती. मग अ‍ॅड्रेसचा अर्ज आला, आणि अ‍ॅड्रेस बदलला की लिनक्स जुना मास्क टाकून देतो आणि नवा स्वतःच ठरवतो. कशावरून ठरवतो? क्लासवरून! १९८१ च्या आयपीच्या नियमात अ‍ॅड्रेसचे क्लास होते, पहिला आकडा १२७ पर्यंत असेल तर क्लास ए, मास्क २५५.०.०.०, १२८ ते १९१ क्लास बी, १९२ ते २२३ क्लास सी, मास्क २५५.२५५.२५५.०. इंटरनेटवर ही क्लासची पद्धत १९९३ पासून मोडीत निघाली, सीआयडीआर आलं, मास्क कितीचाही असू शकतो असं ठरलं. पण आयऑक्टलच्या अर्जात अ‍ॅड्रेससोबत मास्क लिहायला जागाच नाही, म्हणून कर्नलला काहीतरी गृहीत धरावं लागतं आणि तो अजून तो जुनाच क्लासचा नियम धरतो.

आणि ऑफिसात का चाललं तेही इथेच उलगडतं. आमच्या ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ वालं, म्हणजे क्लास सी, कर्नलचा अंदाज आणि आमचा खरा मास्क योगायोगाने एकच. तीन आठवडे माझा मास्कचा कॉल वाया जात होता आणि कोणाला पत्ता नव्हता. मला या गोष्टीत हेच सगळ्यात भारी वाटतं, की चाळीस वर्षांपूर्वीचा एक निर्णय एका डब्याच्या मेमरीत जिवंत बसलेला असतो आणि नेटवर्कचा पहिला आकडा १९२ चा १० झाला की समोर येतो.

दोन ओळींची अदलाबदल केली, अ‍ॅड्रेस आधी, मास्क नंतर, मग चालू, मग गेटवे, आणि शेवटी कर्नलकडून मास्क परत वाचून ताडून बघायचं. साडेपाचच्या सुमारास सर्व्हरवर पहिलं रीडिंग पडलं.

पुढच्या आवृत्तीत मी आयऑक्टल सोडून नेटलिंकवर गेलो. लिनक्समध्ये १९९९ च्या २.२ कर्नलपासून नेटवर्कची ही सगळी कामं नेटलिंकवरून करता येतात, आणि आयपी ही कमांड तेच वापरते. इथे सॉकेट नावापुरता नसतो, खरंच त्यावरून कर्नलला निरोप जातो आणि कर्नलचं उत्तर येतं. गंमत म्हणजे साधा अ‍ॅड्रेस घालायचा निरोपही ४० बाइटचाच भरतो, १६ बाइट पाकिटावरचा मजकूर, ८ बाइट इंटरफेसची माहिती, आणि अ‍ॅड्रेस दोनदा मिळून १६. त्या ८ बाइटांतला दुसराच बाइट म्हणजे मास्कची लांबी, माझ्या डब्यात तिथे २४, कारण २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले २४ बिट. अ‍ॅड्रेस आणि मास्क एकाच निरोपात, एकदमच लागू होतात, त्यामुळे मधली अर्धवट अवस्था नाही आणि क्लासचा अंदाजही नाही. शिवाय केबल निघाली तर कर्नल आपणहून कळवतो, सारखं विचारत बसावं लागत नाही. एका इंटरफेसवर दोन-चार अ‍ॅड्रेसही सरळ ठेवता येतात, आयऑक्टलला विचारलं तर तो एका नावाला एकच सांगतो, म्हणून जुन्या आयएफकॉन्फिगमध्ये कधीकधी तुमचा दुसरा अ‍ॅड्रेस दिसतच नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

ऑफिसच्या टेबलावर आता टेस्टचं वेगळं नेटवर्क आहे, दहाने सुरू होणारं, मास्क २४ बिटांचा, आणि सर्व्हर मुद्दाम गेटवेच्या पलीकडे.