ड्रायव्हर साइडनं गाडी लावणं आणि क्लीनर साइडनं गाडी लावणं

इंदूरला देवास नाक्याच्या पुढे, लसूडिया मोरीकडे गोडाऊनची रांगच रांग आहे. तिथल्याच एका गोडाऊनवर मी अकरा वर्षं गाड्या भरायचं-उतरवायचं काम बघतोय. रोज एक गोष्ट बघून जीव तुटतो. गेटवरून ड्रायव्हरला सांगतात की सात नंबरच्या डोअरला, म्हणजे माल भरायच्या-उतरवायच्या दाराला लाव, नाहीतर चौदाला लाव, जणू दोन्ही एकच. गाडी मागे घ्यायची आणि डोअरला टेकवायची, त्यात काय एवढं, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आणि मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं.

पण गाडी उजवीकडे वळवत मागे घेणं वेगळं आणि डावीकडे वळवत मागे घेणं वेगळं. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे असतं, म्हणून गाडीची उजवी बाजू ती ड्रायव्हर साइड आणि डावी ती क्लीनर साइड, हे शब्द ड्रायव्हर लोकांचेच आहेत. समजा डोअरची रांग तुमच्या उजव्या हाताला आहे. तुम्ही डोअरच्या जरा पुढे गेलात आणि मागे यायला लागलात की गाडीची शेपूट उजवीकडे, म्हणजे तुमच्याच खिडकीच्या बाजूला वळते. मान बाहेर काढली की मागचं चाक दिसतं, फाळका दिसतो, डॉकचं, म्हणजे डोअरच्या ओट्याचं रबर दिसतं. हात-दीड हात राहिलंय हे डोळ्यानं कळतं, आरशावर भरवसा ठेवावा लागत नाही.

आता तीच रांग डाव्या हाताला आहे असं धरा. शेपूट डावीकडे वळते. मधे अख्खी केबिन, तिच्यापलीकडे तो आरसा, आणि त्यातही जो बाहेर फुगलेला आरसा असतो त्यात प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा लांब दिसते. साधा ट्रक असेल तर निदान हौद्याची कड तरी दिसत राहते. ट्रेलरचे हाल जास्त, कारण कंटेनरच 40 फूट आणि पुढे घोडा, म्हणजे ओढणारी इंजिन-केबिन, वेगळा. घोडा आणि ट्रेलर यांच्यात कोन पडला की उजव्या आरशात रिकामं यार्ड दिसतं आणि डाव्या आरशात नुसती कंटेनरची भिंत. मागचा कोपरा कुठे चाललाय ते ड्रायव्हरला दिसतच नाही, तो अंदाजानं मागे येत असतो. त्यात ट्रेलरचं गणितही उलटं, शेपूट डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं आणि मग तिच्यामागोमाग सोडावं लागतं, ते जरा उशिरा सोडलं की कोन इतका वाढतो की गाडी पुढे ओढून सरळ केल्याशिवाय गत्यंतर नसतं. असं पुढे ओढताना दिसलं की मागचे हॉर्न वाजवायला लागतात, याला येत नाही म्हणतात. खरं तर ज्याला येतं तोच वेळेवर पुढे ओढतो, ज्याला येत नाही तो तसाच रेटत राहतो आणि शेजारच्या गाडीचा आरसा घेऊन जातो.

ड्रायव्हर साइड म्हणजे बिनधोक असं मात्र समजू नका. साधा ट्रक उजवीकडे मागे घेताना नाक डावीकडे झुलतं, तो कोपरा ड्रायव्हरला दिसत नाही. आमच्याकडे दोन डोअरच्या मधोमध मोजलं तर 12 फूट भरतात, ट्रकची रुंदी नियमानं 2.6 मीटरपर्यंत, म्हणजे साडेआठ फूट. दोन गाड्यांच्या मधे उरले साडेतीन फूट, त्यात दोघांचे आरसे.

ज्यांनी यार्ड विचार करून आखलंय त्यांनी हे आधीच सोडवलेलं असतं. गाड्या बिल्डिंगभोवती प्रदक्षिणेसारख्या फिरवायच्या, देव उजव्या हाताला तशी बिल्डिंग उजव्या हाताला, की प्रत्येक गाडी आपोआप ड्रायव्हर साइडनं लागते. अमेरिकेत स्टेअरिंग डावीकडे, म्हणून तिकडे यार्डात उलटी प्रदक्षिणा घालतात, आणि त्यांची आंधळी बाजू उजवी. तिकडच्या ड्रायव्हरांना ‘गोल’ शिकवतात, म्हणजे गेट आउट अँड लुक, उतर आणि बघ. आमच्या यार्डाचं गेट मात्र चुकीच्या कोपऱ्यात आहे आणि जागा अरुंद, त्यामुळे शेवटच्या चार डोअरला क्लीनर साइडशिवाय मार्गच नाही.

आणि आता अडचण अशी की त्या बाजूला ज्याचं नाव आहे तो क्लीनरच गाडीवर नसतो. पूर्वी तो उतरून मागे उभा राहायचा, हौद्यावर थापा मारायचा, ‘आन दो उस्ताद, आन दो, काट लो, बस!’ ड्रायव्हरचा डावा डोळा म्हणजे तो पोरगा. आता कितीतरी गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच येतो. शिवाय 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, ड्रायव्हरच्या जिवाला ते हवंच होतं, पण काच वर असली की थाप ऐकू जात नाही, खुणा हातानंच कराव्या लागतात.

मागच्या पावसाळ्यात एक कंटेनर आला, ड्रायव्हर वर्ध्याकडचा, एकटा. चौदा नंबर दिलेला. त्यानं गाडी मधेच उभी केली, उतरला, चिखलातून सगळीकडून फिरून आला, खांबाला हात लावून बघितला. मागे तीन पिकअप कोकलत होत्या, आमचे चार हमाल चार बाजूंनी ओरडत होते, कोणी डावं म्हणे, कोणी उजवं. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “भाऊ, इतक्या जणांचं नको, तुम्ही एकटेच उभे राहा, त्या पाइपपाशी, अन् मले दिसत राहा. तुम्ही दिसले नाही का मी थांबतो.” मी पाइपपाशी उभा राहिलो. त्याच्या डाव्या आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता, म्हणजे त्यालाही मी दिसत होतो. हमालांना मी पिकअप अडवायला पाठवलं. तो दोनदा पुढे ओढून, तिसऱ्यांदा सावकाश मागे आला आणि दोन्ही रबरांना एकदम टेकला. अंगावरचा शर्ट पावसानं भिजला होता का घामानं ते सांगता येणार नाही.

माणुसकी म्हणजे ओरडून दिशा सांगणं नाही, तर एकानंच दिसेल असं उभं राहणं आणि बाकीच्यांनी जागा मोकळी सोडणं, हे मला त्या दिवशी कळलं. गाडीची शेपूट आणि डॉक यांच्या मधे मात्र कधीही उभं राहू नका, कितीही ओळखीचा ड्रायव्हर असला तरी नाही.

आता आमच्या गेटवर डोअर नंबर सांगायच्या आधी विचारतात, क्लीनर आहे का? नसेल तर उजव्या हाताचं डोअर द्यायचं, त्यासाठी अर्धा तास थांबावं लागलं तरी चालेल. आणि शेवटचे चारच रिकामे असले तर वॉकीटॉकीवर मला बोलावतात, मी जाऊन त्या पाइपपाशी उभा राहतो.