उसन्या खोलीतून सुरू झालेला वीकेंड : फरी कन्व्हेन्शनची पार्श्वभूमी

बोलणारे प्राणी आपल्याला नवे नाहीत. करटक आणि दमनक हे कोल्हे तर सिंहाच्या दरबारात अस्सल राजकारण करतात. पण त्यांच्या गोष्टी ऐकून आपल्याकडे कुणी तीन रात्रींसाठी हॉटेलची खोली बुक केली नाही. अमेरिकेत ते घडलं. दर उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या रस्त्यांवर दोन पायांवर चालणाऱ्या लांडग्या-कोल्ह्यांचे फोटो बातम्यांत झळकतात आणि पाहणाऱ्याचा समज होतो की हा सगळा पोशाखांचा खेळ आहे. मुळात पोशाख या गोष्टीत बराच उशिरा आला. आधी आली हॉटेलातली खोली, तीही दुसऱ्यांच्या संमेलनातली, आणि त्या खोलीत दाटीवाटीने बसलेली मित्रमंडळी.

माणसासारखे बोलणारे-वागणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात, ते फरी. चित्रं, कॉमिक्स, कथा, अ‍ॅनिमेशन असं काहीही चालतं. बहुतेक जण स्वतःसाठी एक प्राणीरूप ठरवतात, त्याला फरसोना म्हणतात. कुणी कोल्हा, कुणी तरस, कुणी स्वतःच कल्पिलेला प्राणी. अंगभर फरचा पोशाख, म्हणजे फरसूट, असलेले लोक या मंडळींत अल्पसंख्यच असतात. कॅमेऱ्याला तेवढेच दिसतात, त्याला कोण काय करणार!

हे फरी वीकेंडला हॉटेलात जमतात ते कन्व्हेन्शन, म्हणजे संमेलन. या वीकेंडचा साचा आला विज्ञानकथांच्या चाहत्यांकडून. 1939 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस तिथे भविष्यकाळातले कपडे घालून आले आणि संमेलनाला वेशभूषा करून येण्याची प्रथा तिथून पडली. पुढच्या काही दशकांत अशी संमेलनं अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात भरू लागली. त्यामागचा हिशेब अगदी व्यवहारी होता. कामानिमित्त येणाऱ्या प्रवाशांवर चालणारी हॉटेलं, विशेषतः विमानतळाजवळची, शनिवार-रविवारी ओस पडतात. चाहत्यांनी ठरावीक संख्येने खोल्या घेतल्या तर हॉटेल खोल्यांच्या भाड्यात सवलत देतं आणि सभागृहं स्वस्तात किंवा फुकट वापरू देतं. दिवसा व्याख्यानं आणि चर्चा व्हायच्या. रात्री कुणाच्या तरी खोलीचं दार उघडं राहायचं, बाथटबमध्ये बर्फ ओतून पेयं गार केली जायची आणि पहाटेपर्यंत गप्पा चालायच्या. नेहमी येणाऱ्यांना विचारलं तर खरं संमेलन तेच होतं.

प्राण्यांची चित्रं काढणारे लोक या गर्दीत विखुरलेले होते. 1976 मध्ये मिनियापोलिसमधल्या केन फ्लेचर आणि रीड वॉलर यांनी ‘वूटी’ नावाचं एक हौशी नियतकालिक काढलं. त्याची पद्धत मजेशीर होती. प्रत्येक सभासदाने आपली पानं स्वतःच छापायची, सगळ्यांना पुरतील इतक्या प्रती संपादकाकडे पाठवायच्या, आणि संपादकाने सगळ्यांची पानं एकत्र टाचून प्रत्येकाला परत टपालाने धाडायची. वाचक तोच लेखक. मागच्या अंकातल्या चित्रावरचा अभिप्राय पुढच्या अंकात यायचा, म्हणजे गप्पा सुरूच, पण महिनोन्‌महिने अंतर ठेवून. ‘वूटी’ बंद पडल्यावर तेच काम ‘रॉरब्रॅझल’ने पुढे नेलं.

तिकडे लॉस एंजेलिसमध्ये 1977 साली जपानी अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांचा एक क्लब निघाला होता. त्याच्या संस्थापकांत फ्रेड पॅटन आणि मार्क मर्लिनो होते. त्या काळी ही जपानी कार्टून्स बघायची तर ज्याच्याकडे व्हिडिओ रेकॉर्डर आणि कॅसेटी आहेत त्याच्याभोवती जमावं लागे. मर्लिनोकडे दोन्ही होतं. मला वाटतं, फरी मंडळींची एकत्र बसून बघण्याची आणि बघता बघता वहीत चित्रं काढण्याची सवय इथूनच आली असावी.

1980 च्या बॉस्टनच्या जागतिक संमेलनातल्या चित्रप्रदर्शनात स्टीव्ह गॅलाची याचं एक चित्र लागलं होतं. विषय होता एर्मा फेल्ना, लष्करी गणवेशातली एक मांजर. तिच्यात गोंडसपणा नव्हता आणि ती हसवायलाही आलेली नव्हती. चित्रातला प्राणी युद्ध, राजकारण, अपराधभाव असं सगळं वाहू शकतो, हे बघून काही जण गॅलाचीभोवती जमले आणि पुढची काही वर्षं प्रत्येक संमेलनात त्यांची बैठक बसू लागली. पुढे त्याने ‘अल्बेडो’ हे कॉमिक काढलं. स्टॅन साकाईचा सामुराई ससा, जो आज जगभर ओळखला जातो, तो 1984 मध्ये पहिल्यांदा त्याच कॉमिकमध्ये छापला गेला.

मर्लिनो आणि त्याचा जोडीदार रॉड ओ’रायली यांनी पुढचं पाऊल टाकलं. 1985 मध्ये सॅक्रामेंटोला पश्चिम किनाऱ्यावरच्या चाहत्यांचं संमेलन होतं, तिथे त्यांनी आपल्या खोलीत पार्टी ठेवली. पुढच्या वर्षी सॅन डिएगोच्या संमेलनात हॉटेलभर पत्रकं लावली, त्यावर सरळ ‘फरी पार्टी’ असं लिहिलं. खोलीत टीव्ही, कॅसेटी, चित्रांच्या वह्या आणि अनोळखी माणसं. एकाने आपली वही पुढे करायची आणि दुसऱ्याने तिच्यात आपलं पात्र काढून द्यायचं, ही ओळख करून घेण्याची रीत. विज्ञानकथावाल्यांतल्या काहींना हे पोरकट वाटे आणि ते तसं बोलूनही दाखवत. अवकाशयानांवर तीन-तीन तास वाद घालणाऱ्यांनी दुसऱ्याला पोरकट म्हणावं, हे विशेषच.

दुसऱ्यांच्या संमेलनात एका खोलीपुरतं राहायचं किती दिवस? जानेवारी 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथल्या हॉलिडे इनमध्ये ‘कॉन्फरन्स झीरो’ भरलं. ही चाचणी होती, म्हणून शून्य क्रमांक. 65 जण आले. फक्त फरींसाठी भरलेलं हे पहिलं कन्व्हेन्शन. पुढच्या वर्षी आकडा दुप्पट झाला आणि 1998 पर्यंत हजाराच्या वर गेला.

याच सुमारास एक वेगळं दार उघडलं. 1990 मध्ये ‘फरीमक’ सुरू झालं. इंटरनेटवरचं हे जग निव्वळ अक्षरांचं होतं, चित्रं अजिबात नाहीत. आत शिरायचं, आपला प्राणी शब्दांत वर्णन करायचा आणि बोलायला लागायचं. त्याच वर्षी फरींचा न्यूजग्रुप, म्हणजे इंटरनेटवरचा चर्चाफलकही निघाला. आता ओहायोतल्या एखाद्या गावातल्या मुलाला रोज रात्री बोलायला माणसं मिळाली, आणि त्या माणसांना प्रत्यक्ष भेटायचं तर जागा एकच, कन्व्हेन्शन. आधी लोक संमेलनाला जात आणि तिथे मित्र होत. आता मित्र आधी झाले आणि त्यांना भेटायला संमेलनाला जाणं सुरू झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच, पोशाखाहूनही मोठा.

आजच्या वीकेंडच्या बऱ्याच चालीरीती त्यातूनच आल्या आहेत. गळ्यातल्या बॅजवर खरं नाव नसतं, फरसोनाचं नाव आणि चित्र असतं, कारण मित्र ओळखतात ते त्याच नावाने. एका खोलीत चार-पाच जण राहतात. त्यात पैसे वाचतात हे खरंच, पण ज्यांच्याशी वर्षभर फक्त टाइप करून बोललो त्यांच्यासोबत एकदा तरी पहाटेपर्यंत जागायचं असतं. त्या जागरणांवर उतारा म्हणून नवख्यांना सांगितला जाणारा नियमही प्रसिद्ध आहे : दिवसाला 6 तास झोप, 2 वेळा जेवण, 1 वेळ आंघोळ. शेवटच्या अंकावर जुनी मंडळी विशेष भर देतात. दिवसभर मग चित्रकारांच्या टेबलांच्या रांगा, विक्रेत्यांचा मोठा हॉल, लेखन-चित्रकलेवरची सत्रं, पोशाखातला नाच, आणि बराच वेळ लॉबीत नुसतं बसून राहणं.

आता पोशाखाकडे येऊ. ‘कॉन्फरन्स झीरो’मध्ये फरसूटवाले बोटांवर मोजण्याइतके होते. थीम पार्क आणि खेळांच्या संघांसाठी मॅस्कॉट बनवण्याचं तंत्र काहींना माहीत होतं, त्याचा त्यांनी स्वतःच्या पात्रासाठी उपयोग केला. डोकं बनतं फोम कापून, त्यावर कृत्रिम फर चिकटवून किंवा शिवून. डोळ्यांच्या जागी रंगवलेली जाळी असते, बाहेरून बुबुळ दिसतं, आतून जेमतेम समोरचं. अंगाचं माप घ्यायची युक्ती तर बघण्यासारखी आहे : माणसाला जुन्या कपड्यांवरून चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळायचं, मग ते कवच कापून उतरवायचं आणि पोशाख बनवणाऱ्याला टपालाने पाठवायचं. चांगल्या कारागिराकडून पूर्ण पोशाख करून घ्यायचा तर काही हजार डॉलर लागतात आणि कित्येक महिने थांबावं लागतं.

आत उकाडा भयंकर होतो. म्हणून प्रत्येक कन्व्हेन्शनमध्ये आडोशाची एक खोली राखलेली असते. तिथे मोठे पंखे आणि पाणी असतं आणि डोकं काढून बसता येतं. कॅमेऱ्याला तिथे सक्त मनाई. पोशाखातल्याला बाजूचं दिसत नाही, जिना दिसत नाही, कंबरेएवढं मूल पायात आलं तरी कळत नाही. त्यामुळे सोबत एक साधा माणूस चालतो. तो हात धरतो, पाणी देतो, शेपूट ओढणाऱ्यांना आवरतो. या कामाचे पैसे कुणी घेत नाही. बहुतेक वेळा तो त्याच खोलीत राहणारा मित्र असतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला भांडणं झाली. कॅलिफोर्नियातलं वातावरण फार मोकळंढाकळं आहे, प्रौढांसाठीची चित्रं उघड्यावर मांडली जातात, अशी तक्रार वाढली. ‘बर्न्ड फर्स’ नावाचा एक गट तर साफसफाईच्या घोषणा देत उभा राहिला. त्यातच ‘कॉन्फरन्स’ने आपली जानेवारीची तारीख सोडून एप्रिल धरला, आणि 1999 मध्ये ‘फर्दर कन्फ्यूजन’ या नव्या कन्व्हेन्शनने त्याच राज्यात जानेवारी घेतला. लोक तिकडे वळले. ‘कॉन्फरन्स’ 2003 मध्ये शेवटचं भरलं. बाहेरून मारा वेगळाच होता. 2001 मध्ये एका बड्या अमेरिकी मासिकाने आणि 2003 मध्ये एका गाजलेल्या गुन्हेकथा मालिकेने फरी म्हणजे निव्वळ लैंगिक विकृती असं चित्र रंगवलं. त्यात अर्धवट माहिती होती आणि भरपूर चव घेणं होतं. या मंडळींत समलिंगी आणि उभयलिंगी लोकांचं प्रमाण मोठं आहे हे पुढच्या सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसलं, आणि टिंगल करणाऱ्यांना बहुधा तेच खुपत असावं.

‘अँथ्रोकॉन’ने याला दिलेलं उत्तर संथ होतं. हे कन्व्हेन्शन 1997 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत सुरू झालं, मग पेनसिल्व्हेनियात गेलं. 1999 पासून त्याची धुरा सॅम्युएल कॉन्वे यांच्याकडे आहे. पेशाने रसायनशास्त्रज्ञ, फरींमध्ये ‘अंकल कागे’. पत्रकारांना कुठे जाऊ द्यायचं, कुणी बोलायचं, काय दाखवायचं याचे त्यांनी कडक नियम केले आणि दरवर्षी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला निधी द्यायची प्रथा चालू ठेवली. 2006 मध्ये कन्व्हेन्शन पिट्सबर्गच्या डेव्हिड लॉरेन्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आलं, तेव्हा अडीच हजाराच्या आसपास लोक होते. कॅथी गर्बासी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच सुमारास तिथे प्रश्नावल्या वाटायला सुरुवात केली, आणि या लोकांबद्दल ऐकीव गोष्टींऐवजी आकडेवारी मिळू लागली.

पिट्सबर्ग मात्र लगेच फिदा झालं. पोलादाचे कारखाने बंद पडल्याचं दुःख पचवलेलं ते शहर, पाहुण्यांना नावं ठेवायच्या मनःस्थितीत नसावं. मध्यवस्तीतली उपाहारगृहं पोशाखवाल्यांसाठी लांब स्ट्रॉ ठेवू लागली, कारण लांडग्याच्या जबड्यातून पेल्याने पाणी पिता येत नाही. लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका सँडविचवाल्याने तर दुकान जणू त्यांच्या हवाली केलं. 2012 मध्ये ते दुकान अडचणीत आल्यावर फरींनी वर्गणी काढून हजारो डॉलर उभे केले. पोशाखांची मिरवणूक आधी सभागृहात बंद दाराआड निघायची, पुढे ती गावकऱ्यांसाठी खुली झाली. आता लोक मुलांना खांद्यावर घेऊन बघायला येतात.

युरोपात 1995 साली जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका खेड्यात 19 जण जमले होते. त्याचंच ‘युरोफरेन्स’ झालं, आणि आज चालू असलेल्या फरी कन्व्हेन्शनांत ते सर्वांत जुनं आहे. शिकागोजवळच्या ‘मिडवेस्ट फरफेस्ट’मध्ये डिसेंबर 2014 च्या एका मध्यरात्री कुणीतरी जिन्यात क्लोरीनची पूड टाकली. 19 जणांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि हजारो लोक थंडीत बाहेर उभे राहिले, काही पोशाखात, काही झोपायच्या कपड्यांत. हॉटेल पुन्हा उघडल्यावर रविवारचे कार्यक्रम झाले. मार्च 2016 मध्ये व्हँकुव्हरजवळच्या हॉटेलात फरींच्या वीकेंडलाच सीरियातून आलेली निर्वासित कुटुंबं उतरलेली निघाली. आयोजकांनी आपल्या लोकांना जपून वागायला बजावलं. मुलांनी काही विचारलं नाही, ती सरळ जाऊन बिलगली.

हे सगळं चालवणारे बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवक असतात, आणि सगळं टांगलेलं असतं हॉटेलशी झालेल्या करारावर. सिअ‍ॅटलचं ‘रेनफरेस्ट’ 2007 ते 2015 चाललं. काही मोजक्या लोकांनी केलेली मोडतोड आणि बेशिस्त इतकी झाली की हॉटेलने दार बंद केलं आणि 2016 चं कन्व्हेन्शन रद्द झालं. पिट्सबर्गमध्ये अडचण उलटी आहे. कोविडच्या खंडानंतर 2022 मध्ये ‘अँथ्रोकॉन’ला 9,700 लोक आले, 2023 मध्ये 13,600 च्या वर. सेंटरला लागून असलेल्या हॉटेलच्या खोल्या नोंदणी उघडताच काही मिनिटांत संपतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच मित्रांच्या गटांत चर्चा सुरू होते, यंदा खोली कुणाच्या नावावर लावायची आणि गादी कुणाला, जमीन कुणाला.