फोड तेच, विषाणू वेगळा

१९३२ साली कॅलिफोर्नियातल्या डुकरांच्या नाकाडावर आणि खुरांवर पाणीदार फोड आले. लाळ्या-खुरकूत समजून कळपच्या कळप मारले गेले. रोग दुसराच होता, हे नंतर कळलं. यात हलगर्जी नव्हती. लाळ्या-खुरकूत असो, की व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस आणि सेनेकाव्हायरस यांसारखे दुसऱ्या विषाणूंचे आजार असोत, डुकराचे फोड तसेच आणि लंगडणंही तसंच. ‘अनुभवी नजरेला कळतं’ हा समज इथे चालत नाही. पूर्वी फोडातला नमुना घोडा, गाय, गिनीपिग यांना टोचत आणि फोड कोणाला येतात ते बघत. घोड्याला स्टोमॅटायटिस होतो, लाळ्या-खुरकूत होत नाही.

आता आरटी-पीसीआर या चाचणीला फोडातलं थोडं पाणी किंवा वरचं सालपट पुरतं. कोविडमुळे तिचं नाव घरोघरी पोचलं, पण तिच्यातल्या प्रोबबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि मला तर तोच सर्वांत सुंदर वाटतो. या विषाणूंचा जनुकसंच आरएनएचा, म्हणून आधी त्याची डीएनए प्रत काढतात. मग दोन प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, ठरावीक तुकड्याच्या दोन टोकांना चिकटतात आणि दर फेरीला तुकडे दुप्पट होतात: दहा फेऱ्यांत एकाचे १,०२४, तीस फेऱ्यांत १०७ कोटी. लाळ्या-खुरकूतसाठी बऱ्याचदा जनुकसंचातला ३डी नावाचा भाग निवडतात, कारण तो फारसा बदलत नाही आणि विषाणूचे सातही प्रकार त्यात सापडतात. दोन प्रायमरांच्या मधे प्रोब, हाही डीएनएचा छोटा तुकडाच, बसतो. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्याला तो प्रकाश गिळणारा रेणू. दोघे जवळ आहेत तोवर अंधार. पॉलिमरेज हे प्रती बनवणारं विकर धागा विणत पुढे सरकतं, वाटेतला प्रोब कुरतडतं, रंग सुटतो आणि चमकतो. चमक ठरलेली रेषा कितव्या फेरीला ओलांडते, तो सीटी आकडा. साधारण ३.३ फेऱ्या आधी ओलांडली, तर मूळ आरएनए दहापट. प्रत्येक विषाणूच्या प्रोबला वेगळा रंग दिला, की एकाच नळीत दोन-तीन रोगांची झडती होते.

पण आरएनए सापडला म्हणजे विषाणू जिवंत आहेच, असं नाही. पीसीआरला सर्वज्ञ मानू नये. आणि देवीचा कोप म्हणून नारळ फोडत बसलं, तर तेवढ्या वेळात रोग शेजारच्या गोठ्यात पोचतो.

२००१ मध्ये ब्रिटनमधली लाळ्या-खुरकूतची साथ एसेक्सच्या कत्तलखान्यातल्या डुकरांमध्ये प्रथम दिसली. ती आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. अमेरिका १९२९ पासून या रोगापासून मुक्त आहे. तरी २०१५ मध्ये तिथल्या डुकरांत सेनेकाव्हायरस पसरला, तेव्हा फोड दिसला की आधी लाळ्या-खुरकूत नाही ना, हे तपासावं लागे.