देव्हाऱ्यातली चांदी कुठल्या खाणीतली?

गोव्यातल्या माणसाला खाण म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत डोंगर कापून केलेले तांबडे टप्पे, खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगा आणि मांडवी-जुवारीतल्या बार्जी पाहत इथल्या पिढ्या वाढल्या. पण ती लोहखनिजाची उघडी खाण. चांदीची खाण गोव्यात नाही. चांदी मात्र घरोघरी आहे: देव्हाऱ्यातले टाक, ताम्हण-पळी, चवथीला बाहेर निघणारी निरांजने, अत्तरदाणी-गुलाबदाणी, पणजीआजीचा करंडा आणि त्यात जपून ठेवलेले पोर्तुगीज रुपये. ही चांदी बाहेरून आली. ज्या खाणींतून ती आली असण्याची शक्यता आहे, त्यांतल्या एखादीला भेट देणार असाल तर तिथे काय पाहायचे आणि घरातल्या वस्तूशी त्याचा मेळ कसा घालायचा, हे आधी माहीत असलेले बरे.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे चमकणारी चांदी दिसत नाही. ५८ टक्के प्रतीच्या एक टन लोहखनिजात ५८० किलो लोह असते. शिसे-जस्ताच्या खाणीतल्या एक टन दगडात १०० ग्रॅम चांदी निघाली तरी ती खाण चांगली समजतात. १०० ग्रॅम चांदी म्हणजे जुने नऊ रुपये. नऊ नाण्यांसाठी एक टन दगड फोडायचा, हे प्रमाण डोक्यात ठेवून खाणीत पाऊल टाकले की अरुंद बोगदे, राखेचे थर आणि धातुमळीचे (धातू वितळवताना उरलेल्या दगडी मळीचे) ढीग यांचा अर्थ लागू लागतो.

चांदी बहुधा शिशाच्या पोटात असते. गॅलिना हे शिशाचे करडे, जड, चौकोनी कंगोऱ्यांनी फुटणारे खनिज. त्यात चांदी अगदी थोडी मिसळलेली असते, डोळ्याला दिसत नाही. म्हणून जगातल्या बऱ्याच जुन्या चांदीच्या खाणी खरे तर शिशाच्या खाणी आहेत.

भारतात अशी खाण पाहायची तर राजस्थानातले जावर. उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर हे गाव आहे. इथल्या जुन्या बोगद्यांतल्या लाकडी आधारांचे कार्बन पद्धतीने काढलेले वय दोन हजार वर्षांच्या मागे जाते. बोगद्याच्या भिंती नीट पाहा. छिन्नीचे घाव नसतील आणि खडक गोलसर, गुळगुळीत, काजळी धरलेला असेल, तर तिथे आग लावून खडक फोडलेला आहे. लाकडे रचून भिंत तापवायची, खडक तडकला की सैल झालेले तुकडे पाडून घ्यायचे. यात लाकूड अतोनात जाते, आणि धूर बाहेर पडायला वाट नसेल तर आतला माणूस गुदमरतो. म्हणून दोन तोंडे असलेले किंवा वर झरोका असलेले बोगदेच अशा कामाला उपयोगी पडत.

जावरची खरी ख्याती जस्तासाठी. जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होते, म्हणून ते वितळवून नव्हे तर ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ थंड करून, काढावे लागते. त्यासाठी वापरलेल्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तिथे इतक्या पडल्या आहेत की लोकांनी त्या रचून भिंती उभ्या केल्या. एका भट्टीत अशा ३६ मुशी उलट्या बसवत. परिसरात आजही खाण चालू आहे, तेव्हा आत जायला परवानगी लागते. सोडून दिलेल्या बोगद्यात एकट्याने शिरू नये; आत प्राणवायू कमी असू शकतो आणि छताचा भरवसा नसतो. दगड हाताळले तर हात साबणाने धुऊनच काही खावे, कारण धुळीत शिसे असते.

गोव्याच्या इतिहासाला जास्त जवळची खाण मात्र जपानात आहे. शिमाने प्रांतातली इवामी गिन्झान ही खाण १५२६-२७ च्या सुमारास सापडली आणि २००७ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. पोर्तुगीजांचे मोठे जहाज गोव्याहून पावसाळी वाऱ्यावर चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला जाई, पुढच्या मोसमाची वाट पाहत तिथे थांबे, मग नागासाकीला पोचे. जाताना चिनी रेशीम, येताना जपानी चांदी. नागासाकीचा हा व्यापार १५७१ पासून १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानातून घालवून देईपर्यंत चालला. ती चांदी बरीचशी चीनमध्येच खर्च होई, काही गोव्याकडे येई. दुसरा मोठा ओघ लिस्बनमार्गे: १५४५ मध्ये सापडलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसी खाणीची चांदी, स्पॅनिश रियालांच्या रूपात. तिसरा इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदराकडून, लारी नावाच्या दुमडलेल्या तारेसारख्या नाण्यांचा. जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेतली सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली, ती नेमकी या काळात.

इवामीतला र्‍यूगेन्जी बोगदा पाहायला खुला आहे. तिथे आगीच्या खुणा नाहीत, छिन्नीचे घाव आहेत, अगदी हाताने चाचपून मोजता येतील असे. मुख्य बोगदा माणूस चालेल एवढा, आणि त्याला काटकोनात फुटलेल्या आडव्या फटी जेमतेम अंग शिरेल एवढ्या. खनिजाची शीर जिथे गेली तिथेच खणायचे, एक वीतही दगड वाया खणायचा नाही, हा हिशेब त्या फटींत दिसतो. आत उजेडाला सागरी शंखात तेल-वात घालून केलेले दिवे वापरत.

राखेवरची चांदी

१५३३ मध्ये इवामीत शिशाची पद्धत आली आणि उत्पादन एकदम वाढले. ही पद्धत जगभर एकच आहे. आपल्या शेटच्या (सोनाराच्या) दुकानातही ती कालपरवापर्यंत चालत होती, म्हणून जरा थांबून पाहू.

खनिज कुटून, पाण्यात घोळून हलकी माती काढून टाकायची. मग ते शिशासोबत वितळवायचे. चांदी शिशात उतरते, दगड मळी होऊन वर तरंगतो. आता हे चांदीवाले शिसे राखेच्या उथळ खळग्यात ठेवून वरून हवेचा झोत देत ९०० ते १००० अंशांना तापवायचे. शिसे हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, बनते. ते ८८८ अंशांना वितळते आणि राखेत जिरते. चांदी हवेशी संयोग पावत नाही, राखेत जिरतही नाही. ती वर उरते. ५० किलो शिशात १०० ग्रॅम चांदी असेल तर सुमारे ५४ किलो मुर्दाडशिंग तयार होईपर्यंत झोत चालू ठेवावा लागतो.

बिघडते ते तीन ठिकाणी. राख दमट असली की वाफ होऊन धातू उडतो. म्हणून हाडांची किंवा धुऊन क्षार काढलेली लाकडाची राख ठोकून बसवतात आणि आधी कोरडी तापवतात. आच कमी पडली तर मुर्दाडशिंगाची साय थिजते, हवा आत पोचत नाही आणि काम अडते. आच फार वाढली तर थोडी चांदी शिशाच्या धुराबरोबर निघून जाते. तो धूर विषारी आहे, त्यामुळे हा प्रयोग घरी करण्याचा नाही.

शेवटचा क्षण पाहण्यासारखा असतो. उरलेल्या शिशाचा पातळ पापुद्रा गोळ्यावर इंद्रधनुषी रंगांत फिरतो, विरतो, आणि गोळा एकदम उजळतो. लगेच बाहेर काढला तर तो फुटाण्यासारखा थुंकतो, कारण वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट प्राणवायू शोषून घेते आणि थिजताना तो बाहेर टाकते. जाणकार कारागीर गोळा हळूहळू थंड होऊ देतात.

या प्रक्रियेत चांदीबरोबर सोनेही मागे उरते, आणि शिशाचा लहानसा अंश राहतोच. म्हणून जुन्या चांदीत सोन्याची आणि शिशाची खूण सापडते. पोतोसीच्या चांदीत सोने फारच कमी, इतर बऱ्याच खाणींच्या चांदीत जास्त. आजची विजेने शुद्ध केलेली चांदी या दोन्ही बाबतीत कोरी असते. क्ष-किरणांनी धातू तपासणारे यंत्र हा फरक दाखवू शकते, पण ते फक्त पृष्ठभाग वाचते. जुन्या वस्तू आम्लात उजळून काढलेल्या असतात, त्यामुळे वरच्या थरात तांबे कमी आणि चांदी जास्त भरते. तळाशी झिजलेल्या जागी दुसरे वाचन घ्यायला सांगावे. आणि एका घरातली चांदी पिढ्यान्‌पिढ्या आटवून पुन्हा घडवली असेल तर चार खाणी एकाच वाटीत मिसळलेल्या असतात. तिथे एका खाणीचे नाव घेण्यात अर्थ नाही.

रुपया पाण्यात तोलणे

नाण्याचे तसे नसते. ते आटवलेले नसते आणि त्यावर वर्ष छापलेले असते. पोर्तुगीज इंडियाचे १८८१-८२, १९०३-०४ आणि १९१२ चे रुपये ११.६६ ग्रॅमचे, ९१.७ टक्के चांदीचे, ब्रिटिश रुपयाइतकेच. १९३५ चा १२ ग्रॅमचा, प्रत तीच. १९४७ चा वजनाला १२ ग्रॅमच, पण चांदी निम्मी. १९५२ पासून तांबे-निकेल. ब्रिटिश रुपयाची चांदी १९४० मध्येच निम्म्यावर आली होती.

घरी तपासायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आधी नाणे कोरडे तोलावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरावे, तळाला व कडेला न लावता. जो आकडा येईल ते नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता. ९१.७ टक्क्यांची चांदी १०.३ च्या आसपास येते, निम्म्या चांदीची ९.५ ते ९.७, जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला तांबे-जस्त-निकेलचा मिश्रधातू) साधारण ८.६. खऱ्या जुन्या रुपयाचा पाण्यातला आकडा १.१३, निम्म्या चांदीच्या ब्रिटिश रुपयाचा १.२२. काटा फक्त ०.१ ग्रॅमचा असेल तर एका नाण्याने निर्णय होत नाही. एकाच प्रकारची दहा नाणी एकत्र बांधून बुडवली तर ११.३ आणि १२.२ हा फरक स्पष्ट दिसतो.

चुका ठरलेल्या असतात. नक्षीत हवेचे बुडबुडे अडकले तर घनता कमी दिसते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा आणि नाणे हलवून घ्यावे. जाड दोरा पाणी पितो. नाणे तळाला टेकले तर आकडा एकदम फुगतो. ९१.७ आणि ९२.५ टक्के यांतला फरक या पद्धतीने कळत नाही, तो कळेल असे कुणी सांगितले तरी मानू नये. पोकळ मुखवटे, लाख भरलेले टाक आणि दांड्या यांना तर ही पद्धत मुळीच लावू नये.

आता घरातली चांदी जपण्याबद्दल. तिच्या काळेपणाचे कारण हवेतले गंधक. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांतल्या) आणि खारफुटीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्यात पावसाळ्याची दमट हवा. नदीकाठच्या घरांत चांदी लवकर काळवंडते ती यामुळे. चिंच-लिंबू तांब्या-पितळेला चालते, कारण आम्लात त्यांचा ऑक्साइड विरघळतो. चांदीचा सल्फाइड त्याला दाद देत नाही. रांगोळीने घासले तर चकाकी येते, पण रांगोळीत गारेची पूड असली तर ती चांदीहून कितीतरी कठीण. टाकावरच्या देवाचे नाक-डोळे अशाच घासण्याने सपाट होतात.

भरीव, साध्या वस्तूसाठी प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरावी, एक लिटर कढत पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालावा, वस्तू फॉइलला टेकवून दोन ते पाच मिनिटे ठेवावी. गंधक अॅल्युमिनियमकडे जाते, कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि चांदी वस्तूवरच राहते. वस्तू फॉइलला टेकली नाही तर काहीच होत नाही. खडे जडवलेल्या, लाख भरलेल्या किंवा नक्षीत मुद्दाम काळेपणा ठेवलेल्या वस्तू यात घालू नयेत. जुनी नाणी तर धुऊच नयेत. त्यांचा काळा थर हाच त्यांच्या जुनेपणाचा पुरावा असतो. चवथ झाली की वस्तू पूर्ण सुकवून मऊ सुती कापडात, मग बंद पिशवीत ठेवाव्यात. रबरबँड आणि लोकरी कापड दोन्हींत गंधक असते, ते जवळ नको.

एखादी मोडलेली वस्तू आटवायचीच झाली तर आधी तिचे चारही बाजूंनी फोटो, वजन आणि ती कुणाकडून कुणाकडे आली ते वहीत लिहावे. शेटकडे ती समोर तोलून, समोर आटवून, गोळ्याचे वजन पुन्हा घ्यावे. लाख, डाक (जोडाचा धातू) आणि मळ यांची घट धरायलाच हवी, पण लाख आधी गरम करून काढली असेल तर दोन वजनांतला फरक मुख्यतः डाक आणि मळ यांचाच राहतो, आणि तो किती हे पावतीवर लिहून घेता येते.