ट्यूशन आणि क्लास: बी.एड.नंतरच्या दोन वाटा, ज्या एकच वाटतात

बी.कॉम., बी.एड. झालेली मुलगी नागपुरातल्या मानेवाड्यात किंवा नंदनवनात घरच्या हॉलमध्ये अकरावी-बारावीची मुलं शिकवू लागते. मुलं वाढतात, तीन तुकड्या होतात आणि नातेवाईक म्हणतात, 'तिचा आता स्वतःचा बिझनेस आहे.' खरं तर ती ट्यूशन, म्हणजे स्वयंरोजगार आहे. क्लास, म्हणजे उद्योग, ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही मानाच्याच, पण एक करत असताना आपण दुसरी करतोय असं वाटलं की हातातली वर्षं आणि साठवलेले पैसे चुकीच्या जागी जातात. नागपुरात हे मी फार जवळून पाहत आलो आहे, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: मॅडम तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळल्या तर काय होतं? ट्यूशन असेल तर मुलांना सुटी. क्लास असेल तर दुसरे सर येतात, तोच धडा, त्याच क्रमाने पुढे नेतात आणि शनिवारची चाचणी शनिवारीच होते. ट्यूशनमध्ये पालक मॅडमकडे बघून मूल पाठवतात. क्लासमध्ये शिकवण्याची पद्धतच माणसापासून वेगळी झालेली असते.

ही पद्धत माणसापासून वेगळी कशी करायची, हे खरं तर बी.एड.मध्येच शिकवलेलं असतं. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेतली इंटर्नशिप, आली. त्या काळात प्रत्येक पाठाचं टाचण, म्हणजे लेखी आराखडा, काढावं लागतं: उद्दिष्ट, पूर्वज्ञान, प्रस्तावनेचे प्रश्न, फलकलेखन, मूल्यमापन. विद्यार्थी-शिक्षक ते कंटाळून लिहितात आणि पदवी हातात पडली की वह्या माळ्यावर टाकतात. माझ्या मते पदवीतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. चांगलं टाचण म्हणजे दुसऱ्या शिक्षकाच्या हाती देता येईल असा धडा. भागीदारीच्या हिशोबात मुलं नेमकी कुठे अडतात, कोणतं उदाहरण आधी द्यायचं, गृहपाठात काय तपासायचं, हे कागदावर असलं तरच दुसरा माणूस तुमच्यासारखं शिकवू शकतो. अभियांत्रिकी करून क्लास काढणाऱ्याकडे विषय पक्का असतो, पण हे शास्त्र त्याला आपल्या अंदाजाने जमवावं लागतं. बी.एड. झालेल्याने ते सोडून द्यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पैशाकडे येऊ. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. घरी १५ मुलांच्या तीन तुकड्या, महिन्याला १,००० रुपये फी: ४५,००० हातात, खर्च किरकोळ. मग बाहेर जागा घेतली, दोन शिक्षक ठेवले, मुलं १३५ झाली. जमा १,३५,०००. दोन पगारांचे ४०,०००, भाडं २५,०००, वीज, छपाई, झाडलोट आणि चौकशीच्या टेबलावरची व्यक्ती मिळून १५,०००. उरले ५५,०००. म्हणजे तिप्पट मुलं, तिप्पट डोकेदुखी आणि हातात फक्त १०,००० जास्त! इथेच बरेच जण म्हणतात, त्यापेक्षा घरचंच बरं होतं.

पण त्या ५५,००० चे दोन भाग करा. मालकीण स्वतःही शिकवते, त्याचा पगार इतरांइतकाच, २०,००० धरला तर ३५,००० धंद्याचे आहेत. उद्या तिने आपल्या तुकड्याही तिसऱ्या शिक्षकाला दिल्या, तरी हे ३५,००० येतच राहतात. घरच्या ट्यूशनमधले ४५,००० मात्र ती उभी राहिली तरच येतात. स्वतःचा पगार आणि नफा वेगळ्या खात्यात टाकायची सवय लागली नाही, तर आपण या दोनपैकी नेमकं काय चालवतोय हे कळतच नाही.

विदर्भाचा उन्हाळा या हिशोबात धरलाच पाहिजे. इथल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. म्हणून फी दहाच महिन्यांची धरावी. ट्यूशनला ते दोन महिने विश्रांतीचे जातात, क्लासला भाडं आणि पगार भरावेच लागतात.

कागदपत्रांचा गोंधळ थोडक्यात. शॉप अ‍ॅक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याखालची) नोंद किंवा उद्यम (लघुउद्योगाचं सरकारी) प्रमाणपत्र मिळालं म्हणून ट्यूशनचा उद्योग होत नाही, दोन्ही कागद दोघांनाही मिळू शकतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, कोणालाही पैसे देऊ नका. जीएसटीचं बघायचं तर शाळेच्या शिक्षणाला सूट आहे, कोचिंगला नाही. वर्षाची जमा २० लाखांवर गेली की १८ टक्के लागतो. वरच्या फीने २०० मुलं झाली की तुम्ही त्या रेषेवर येता, आणि ती रेषा नफ्याची नाही, जमेची आहे. शिवाय केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५० हून अधिक विद्यार्थी असले की ते कोचिंग सेंटर. मग नोंदणी, शिकवणारा किमान पदवीधर, दर विद्यार्थ्यामागे एक चौरस मीटर जागा, आणि १६ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत, पण आठवी-नववीच्या भरवशावर मोठी जागा घेणाऱ्याने त्या आधी वाचाव्यात. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, क्लास या दृष्टीने मला बी.एड.वाल्यांसाठी जास्त योग्य वाटतो: विद्यार्थी सज्ञान, आणि बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र हा तुमचाच अभ्यासक्रम.

पवित्र पोर्टलच्या, म्हणजे सरकारी शिक्षक भरतीच्या, यादीकडे डोळे लावून बसलेल्यांनी ट्यूशनच करावी, जागा घेऊ नये. नेमणूक आली की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे खासगी शिकवणी बंद करावी लागते. ट्यूशन महिन्याभरात आवरता येते. क्लासमागे भाडेकरार, पगार आणि अर्ध्यावर आलेली मुलं असतात.

ज्यांना क्लासच उभारायचा आहे, त्यांनी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा उद्योग केंद्रात कर्जाची चौकशी करण्याआधी एक करून पाहावं. एका प्रकरणाचं टाचण बी.एड.च्या मैत्रिणीला द्या, दोन आठवडे तिला शिकवू द्या आणि पाठ निरीक्षणाला बसायचो तसं मागच्या बाकावर वही घेऊन बसा. मग चाचणी घ्या आणि गुण तुमच्या नेहमीच्या तुकडीशी ताडून पाहा. गुण फार खाली आले, तर आधी टाचण पुन्हा लिहायचं आहे. जागेचं नंतर बघू.