सायबर फसवणूक झाली असेल तर: आमचं पोर्टल कशासाठी आहे आणि कशासाठी नाही

तुमच्या खात्यातून पैसे जाऊन काही तासच झाले असतील, तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि आधी १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी मदत क्रमांक लावा. लागला नाही तर पुन्हा लावा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तोवर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरायला सांगा, आणि बँकेलाही लगेच कळवा. फोनमध्ये एखादी एपीके फाइल, म्हणजे उघडताच अॅप बसवणारी फाइल, उतरवली गेली असेल (लग्नपत्रिका, गाडीचं चलान अशा नावांनी त्या येतात) तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि हे सगळं दुसऱ्या फोनवरून करा. आमच्याकडे त्यानंतर या.

पैसे थांबवण्याचा अधिकार आम्हाला नाही. १९३० वर नोंद झाली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिथे पोहोचते. रक्कम त्या खात्यात शिल्लक असेल तर ती रोखून धरली जाते, पुढे गेली असेल तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. फसवणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणून ते भाड्याने घेतलेल्या खात्यांतून रक्कम तुकड्यातुकड्याने फिरवतात आणि एटीएममधून काढून घेतात. पहिल्या तासा-दोन तासांत केलेला फोन म्हणूनच एवढा मोलाचा.

मग आमचं काम काय? १९३० नंतर जी वणवण सुरू होते, ती कमी करणं. बँकेची शाखा, सायबर पोलीस ठाणं, पुन्हा बँक. प्रत्येक ठिकाणी तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची. हादरलेला माणूस ती दर वेळी थोडी वेगळी सांगतो, वेळा जुळत नाहीत आणि अर्ज अडकतो. आमच्या पोर्टलवर तुम्ही ती एकदाच सांगता, मराठीत, लिहून किंवा बोलून. त्यावरून बँकेचा अर्ज, पोलिसांसाठीचा जबाबाचा मसुदा आणि व्यवहारांचा तक्ता तयार होतो. मसुदा तुम्ही वाचायचा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करायचा आणि मगच सही करायची.

सगळ्यात जास्त घोळ यूटीआर नंबरचा, म्हणजे बँक ज्यावरून व्यवहार शोधते त्या क्रमांकाचा होतो. यूपीआय अॅपमध्ये एका व्यवहारासमोर दोन-दोन क्रमांक दिसतात. अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक क्रमांक अॅपचा स्वतःचा असतो. बँकेला हवा असतो तो १२ आकडी. घाईत लोक पहिलाच लिहून देतात आणि शोध तिथेच खुंटतो. तुम्ही स्क्रीनशॉट चढवलात की आमचं पोर्टल १२ आकडी क्रमांक वेगळा काढून तो बँक स्टेटमेंटशी ताडून पाहतं. स्क्रीनशॉट कापू नका, वरची वेळ दिसू द्या. व्हॉट्सअॅपवरचं संभाषणही पुसू नका. राग येतो, ते सगळं डोळ्यांसमोर नको वाटतं, पण तोच तुमचा पुरावा आहे.

बँकेकडून काय मिळू शकतं, हे पैसे कसे गेले यावर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम असा: तुमच्या नकळत व्यवहार झाला, चूक तुमची नाही आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर भार पडत नाही. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेचीच. ओटीपी सांगितला गेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक आम्ही सगळ्यात आधी विचारतो. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. तो अर्जही पोर्टल तयार करून देतं.

'डिजिटल अरेस्ट'ची गोष्ट वेगळी. तिथे पोलीस असल्याची बतावणी करून, व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला अटक झाली आहे' असं धमकावून माणसाला स्वतःच्या हाताने पैसे पाठवायला लावतात, त्यामुळे वरच्या नियमाचा आधार तोकडा पडतो. अशी अटक कायद्यात नाहीच, आणि व्हिडिओ कॉलवर कोणताही पोलीस कुणाला अटक करत नाही. यात अडकलेले बरेच जण निवृत्त असतात आणि मुलांना कळू नये म्हणून गप्प राहतात. त्या गप्प राहण्यात रोखता आली असती अशी रक्कम निघून जाते. पोर्टलवर 'सोबती' म्हणून घरच्या एका माणसाला जोडता येतं, ते यासाठीच. आईवडिलांनी तुम्हाला असं काही सांगितलं तर कृपा करून आधी रागावू नका.

दुकानदारांनीही आमच्याकडे यावं. गिऱ्हाइकाने यूपीआयने दिलेले पैसे मुळात कुणाच्या तरी फसवणुकीतले निघतात आणि दुकानाचं खातं गोठतं. अशा वेळी त्या विक्रीचं बिल, मालाची नोंद आणि ज्या ठाण्यातून पत्र आलं त्याचा तपशील जोडून अर्ज करावा लागतो. त्याची वेगळी खिडकी पोर्टलवर आहे.

रोखलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. सरकारी पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, तिचा पाठपुरावा ठाण्यात करावा लागतो. रक्कम सोडवण्यासाठी अनेकदा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३ त्यासाठी आहे. वकील लागलाच तर त्याची फी आधी लेखी कळवतो.

आमच्याकडे नोंदणी आणि कागद तयार करणं मोफत आहे. परत मिळालेल्या पैशांत आम्ही टक्का घेत नाही आणि पैसे परत मिळवून देण्याची हमीही देत नाही. 'आगाऊ शुल्क भरा, बुडालेले पैसे काढून देतो' असा फोन आला, मग तो आमच्या नावाने का असेना, तर ती दुसरी फसवणूक समजा. आम्ही ओटीपी, पिन, सीव्हीव्ही किंवा पासवर्ड कधीच मागत नाही. आधारचे फक्त शेवटचे ४ आकडे पुरतात. प्रकरण संपल्यावर तुम्ही सांगितलंत की तुमची सगळी माहिती पुसली जाते आणि तसा संदेश तुम्हाला येतो.